विहीणबाईंचे चार हजार दोनशे साठ

रेणुकादास सरांनी तीस वर्षं लातूर जिल्ह्यात फिजिक्स शिकवलं आणि तीस वर्षांत एकाही पोराला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. उत्तर बरोबर असलं तर एकक राहिलेलं असायचं. एकक असलं तर आकृतीतल्या बाणाला टोक नसायचं. टोकही असलं तर "वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला" म्हणून अर्धा मार्क जायचा. पोरं मागून त्यांना 'अर्धा मार्क' म्हणायची. सरांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर त्यांना एका क्लासवाल्यानं उचललं. त्या दिवसांत लातुरात दर चौथ्या घरावर क्लासची पाटी होती आणि उरलेल्या तीन घरांवर होस्टेलची. चौकाचौकात नंबर काढलेल्या पोरांचे फोटो, कोपऱ्याकोपऱ्यात बाहेरगावच्या पोरांचे डबे. सर तिथं तीन वर्षं टिकले. चौथ्या वर्षी क्लासवाला म्हणाला, "सर, सूत्र कुठून आलं ते नका सांगू, ते कुठं लावायचं तेवढं सांगा." सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि घरी आले.

घरी त्यांची बायको महानंदा. ती म्हणाली, "बरं झालं. आता मला शिकवा." सरांनी खरंच शिकवायला घेतलं, तेव्हा आठवडाभरात तिनंच त्यांना दुसरं काम शोधायला सांगितलं.

काम आपणहून चालत आलं. ऋतुजा नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी शिरूर अनंतपाळला शाळेत विज्ञान शिकवत होती. तिचा फोन आला. "सर, आमच्या पोरांना भूकंप म्हणजे आजोबांची गोष्ट वाटते हो. किल्लारी हितनं जवळ, पण यांचा जन्मच त्याच्यानंतर अठरा-वीस वर्षांचा. घर का पडतं आणि का पडत नाही, हे डोळ्यांनी दिसंल असं काही कराल का?"

सरांना झोप लागेना. त्यांनी ठरवलं, कॉम्प्युटरवर दोन घरं बांधायची. एक दगडमातीचं, वर मातीचं जड छत, म्हणजे माळवद. दुसरं तेवढंच, पण भिंतीभोवती काँक्रीटच्या पट्ट्यानं आवळलेलं. मग दोन्हींखालची जमीन सारखीच हलवायची आणि पोरांना बघू द्यायचं. जुन्या लॅपटॉपवर पहिल्या घराचे पन्नास दगड रचून होईतो पंखा मळणीयंत्रासारखा ओरडू लागला. तेव्हा सरांनी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, आणि तोही सुटे भाग आणून स्वतः जोडायचं.

"दुकानदार जोडून देतो की ओ," महानंदा म्हणाली.

"त्याला ओहमचा नियम येतो का?"

"त्याला कॉम्प्युटर जोडता येतो."

सरांनी ते ऐकलं नाही. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर खोकी, थर्माकोल आणि बारीक स्क्रूंनी भरलेल्या वाट्या होत्या. घरची माणसं, म्हणजे ती दोघंच, मांडीवर ताटं घेऊन जेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. सरांनी महानंदाला हाक मारली, स्वतःच्या हातानं तिला पेढा दिला आणि लगेच ड्रिल मशीन काढलं.

हे ड्रिल मशीन समजून घ्यायला पाहिजे. ब्याण्णव साली लग्न करून सर औशाजवळच्या एका गावात शिकवायला होते. दुसऱ्या वर्षी भूकंप झाला. त्यांची खोली पडली नाही, पण खोलीतलं लोखंडी कपाट आडवं आलं, आणि आलं ते सरळ महानंदाच्या अंथरुणावर. महानंदा मिनिटभर आधी पाणी प्यायला उठली होती, एवढाच हिशेब. त्यानंतर सरांच्या घरातली एकेक वस्तू भिंतीला जखडली गेली. कपाटं, फ्रिज, टीव्ही, देव्हारा, गॅसच्या टाकीला साखळी, घड्याळाला दोन खिळे. महानंदा पाहुण्यांना सांगायची, "या घरात भिंतीला न ठोकलेली एक मीच हाय." सर हसायचे, पण ड्रिल मशीन काही माळ्यावर जायचं नाही.

तर नव्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट सरांनी कोपऱ्यात सारलं, चार एल पट्ट्या मारल्या आणि भिंतीला पक्कं केलं. कॅबिनेटची एक बाजू काचेची होती, आतली कारागिरी दिसावी म्हणून. नेमकी तीच बाजू भिंतीकडं गेली.

"काच भिंतीला दाखवायला घेतली व्हय?" महानंदानं विचारलं.

"आत बघण्यासारखं काय आहे?"

त्याच संध्याकाळी सरांनी वेग तपासणारा प्रोग्राम चालवला. तो दहा मिनिटं कॉम्प्युटरला पळवतो आणि शेवटी गुण देतो. आकडा आला तीन हजार चारशे दहा.

"किती पैकी?" सर स्क्रीनला म्हणाले.

पैकी काही नव्हतं. एककही नव्हतं. नुसताच आकडा. सरांना हे अगदी बेकायदेशीर वाटलं, पण आकडा चार अंकी होता, म्हणून त्यांनी फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिलं, 'स्वहस्ते जोडलेला. ३४१०.'

मुलगी मनस्विनीनं टाळ्या पाठवल्या. जावई मुकुलनं अंगठा पाठवला. मग नांदेडहून मुकुलच्या आईचा, म्हणजे विहीणबाईंचा संदेश आला. 'अभिनंदन. आमचे ४२६०.'

सरांनी फोन उलटा ठेवला.

विहीणबाई म्हणजे चंद्रप्रभाबाई. नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी कॉम्प्युटर शिकवला होता, तोही अशा काळात की कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना लोक देवळासारख्या चपला बाहेर काढत. मुलीचा बाप म्हणून सर त्यांच्यापुढं थोडे वाकून असत, पण नांदेडपुढं वाकायची त्यांची तयारी नव्हती. विभागीय आयुक्तालय लातूरला व्हावं की नांदेडला, हा वाद लग्नाच्या पंगतीत निघाला होता आणि श्रीखंड संपलं तरी मिटला नव्हता.

"प्रोसेसर तोच आहे त्यांचा," सर रात्रीच्या जेवणाला म्हणाले. "तोच! दोन वर्षांपूर्वीचा. मग साडेआठशे जास्त कसे?"

"शिकवणी लावली असंल," महानंदा म्हणाली.

सरांनी पुन्हा प्रोग्राम चालवला. तीन हजार चारशे दोन. खिडकी उघडून, पंखा लावून चालवला. तीन हजार चारशे एकवीस. तिकडं घराचं कामही रखडलं. दगडमातीच्या घरात आता अठराशे दगड होते, आणि जमीन हलवली की एकेक चित्र इतकं सावकाश पुढं सरकायचं की घर पडायला पाऊण तास लागायचा. महानंदा चहा घेऊन आली, पडत्या घराकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अशा वेगानं पडलं असतं तर माणसं अंथरूण गुंडाळून, दात घासून बाहेर आली असती."

सरांना हसू आलं नाही. ती चहा टेबलावर ठेवून आत गेली.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि चंद्रप्रभाबाई उतरल्या. उदगीरला एका बारशाला जाऊन आल्या होत्या, नांदेडची गाडी चारची होती. हातात पिशवी आणि पाण्याची मोठी बाटली.

"लातूरला थांबायचं म्हणून पाणी सोबत ठेवलंय," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या. "म्हटलं, तुमची पाण्याची रेल्वे लेट असेल तर पंचाईत."

"या विहीणबाई," सर म्हणाले. "गोदावरीकाठच्या माणसांनी आमच्या कोरड्या गावात पाय ठेवला, हेच पुष्कळ."

पोहे झाले, चहा झाला. कॉम्प्युटरचा विषय कुणीच काढेना. सर मुद्दाम पाऊसपाण्यावर बोलत राहिले. शेवटी महानंदाच म्हणाली, "ताई, यांचं मशीन बघा की जरा. आठ दिवस झाले, घरात सुतक पडल्यासारखं करून राहिलेत."

"मी कशाला?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "सर फिजिक्सचे. मी आपली बटणं दाबणारी." आणि चष्मा बदलून त्या थेट खुर्चीत जाऊन बसल्या.

त्यांनी चार ठिकाणी क्लिक केलं आणि मेमरीचं पान उघडलं. "सर, रॅम ज्या खोक्यातून आली ते खोकं आहे का?"

सरांनी एकही खोकं टाकलं नव्हतं. त्यांनी आणून दिलं.

"वाचा. वेग किती लिहिलाय?"

"तीन हजार दोनशे."

"आणि इथं किती दिसतोय?"

सरांनी वाकून बघितलं. दोन हजार एकशे तेहतीस.

"म्हणजे दुकानदारानं फसवलं!"

"दुकानदार बिचारा काय करील? रॅम पळू शकते तीन हजार दोनशेनं. तुम्ही तिला सांगितलंच नाही. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या पानावर, एक सेटिंग असतं, ते चालू केल्याशिवाय ती आपल्या घरच्या चालीनं चालते." त्यांनी पान थोडं खाली सरकवलं. "आणि हे दुसरं. रॅमच्या पट्ट्या किती घातल्यात?"

"दोन. आठ-आठ जीबीच्या."

"कुठल्या खाचांत?"

"पहिल्या आणि दुसऱ्या," सर म्हणाले. "चार खाचा आहेत. दोन पट्ट्या. माणूस पहिल्यापासूनच सुरू करणार ना?"

चंद्रप्रभाबाईंनी शांतपणे हात पुढं केला. "मदरबोर्डचं पुस्तक."

पुस्तक आलं. ते अजून कोऱ्या नोटेसारखं करकरीत होतं. चंद्रप्रभाबाईंनी चौदावं पान उघडलं आणि पुस्तक सरांच्या समोर धरलं. तिथं चार खाचांचं चित्र होतं, आणि दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला असं ठळक लिहिलेलं होतं. शेजारशेजारच्या खाचांत घातल्या तर दोन्ही पट्ट्या एकाच वाटेनं ये-जा करतात, दुसरी वाट रिकामी पडून राहते.

"त्यात तुम्ही वेगळं ग्राफिक कार्ड घेतलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चित्रं काढायलाही हीच रॅम. म्हणजे दोनपदरी रस्ता असून सगळी वाहतूक एका पदरातून, तीही बैलगाडीच्या वेगानं." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "सर, मुकुल सांगतो, तुमच्या वर्गात फळ्यावर कायम एक वाक्य लिहिलेलं असायचं म्हणे. मनस्विनीनं सांगितलंय त्याला. काय होतं ते?"

सर चौदावं पान न्याहाळू लागले.

"प्रश्न नीट वाचा," महानंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

आता रॅमची पट्टी हलवायची तर कॅबिनेट उघडायला हवं, आणि काच तर भिंतीला. चंद्रप्रभाबाईंनी वाकून एल पट्ट्या बघितल्या, मग पाठीमागं हात घालून बघितला. बोटही जाईना. त्या काहीतरी बोलणार होत्या. सर आधीच म्हणाले, "राहू द्या विहीणबाई. सेटिंग तेवढं बदला. खाचांचं नंतर पाहू."

"निम्मं उत्तर लिहून पेपर देताय?"

"ते काढायचं नाही," सर म्हणाले. आवाज जरा चढला. त्यांचं त्यांनाच ते कळलं.

चंद्रप्रभाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. कपाटाच्या माथ्यावरच्या पट्ट्या, पुस्तकांच्या मांडणीला आडवी मारलेली साखळी, घड्याळाचे दोन खिळे. पाच वर्षांत या घरात त्या दहा वेळा तरी आल्या असतील, पण हे सगळं एकत्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"आमच्याकडं नांदेडलाही हादरलं होतं त्या पहाटे," त्या म्हणाल्या. "मांडणीवरची भांडी वाजली. मुकुल पोटात होता. मी उठले आणि एक पातेलं धरून उभी राहिले. सगळी भांडी सोडून एकच पातेलं. का, ते आजपर्यंत कळलेलं नाही."

मग सर उठले आणि त्यांनी ड्रिल मशीनचा डबा आणला. स्क्रू उलटे फिरवून चारही एल पट्ट्या त्यांनी स्वतः काढल्या. वायर काढली, कॅबिनेट टेबलावर आडवं झालं आणि काच वर आली.

चंद्रप्रभाबाईंनी पाटल्या काढून महानंदाच्या हातात दिल्या, लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या. एक दुसऱ्या खाचेत दाबली. टक्. दुसरी चौथ्या खाचेत. टक्. सर विद्यार्थ्यासारखे टॉर्च धरून उभे होते. मग वायर लावली, बायोस उघडलं, सेटिंग चालू केलं, जतन केलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

पंखे फिरले. स्क्रीन काळी.

दहा सेकंद. वीस. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, पुन्हा सुरू झाला. स्क्रीन काळीच.

"नवीन वेग जुळवून बघतोय तो," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "वेळ लागतो." पण त्या आता खुर्चीच्या टोकाला सरकल्या होत्या.

सर त्यांच्याकडं बघत नव्हते. व्याह्याचं मशीन विहिणीच्या हातून गेलं, तर बोलणार कसं आणि न बोलणार कसं, हा प्रश्न त्यांच्यापुढं उभा होता. महानंदाच्या ओंजळीत पाटल्या होत्या. ती म्हणाली, "आता विहीणबाईंनी बिघडवलं म्हणावं, तर आपली मुलगी त्यांच्या घरात. आणि आपण बिघडवलं म्हणावं, तर ते खरं न्हाई. लई अवघड झालं."

तिसऱ्यांदा पंखे मंदावले, आणि स्क्रीनवर उजेड आला.

तिघांनी एकदम श्वास सोडला. चंद्रप्रभाबाईंनी मेमरीचं पान उघडलं. तीन हजार दोनशे. सरांनी स्वतः प्रोग्राम लावला. दहा मिनिटं कुणी उठलं नाही. गॅसवरची आमटी आटली, पण महानंदाही हलली नाही.

चार हजार पाचशे सहासष्ट.

सरांनी आकडा दोनदा वाचला. मग विहीणबाईंकडं बघायचं टाळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमचे किती होते म्हणालात?"

"पुन्हा लावा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

पुन्हा लावला. चार हजार पाचशे ऐंशी. तिसऱ्यांदा चार हजार पाचशे एकाहत्तर.

"माझ्या मशीनला दोन वर्षं झालीत. रॅमही जरा जुनी," त्या म्हणाल्या. "शिवाय नांदेडला ऊन किती. मशीनही तापतं."

"अहो, लातूरला काय काश्मीर आहे का?" सरांचा चेहरा आता पेढ्यासारखा झाला होता. "तीस वर्षं ऐकलीत मी ही कारणं. पेपर लांब होता, खिडकीतून ऊन येत होतं."

त्यांनी फोन उचलला आणि गटावर लिहिलं, 'आमचे ४५७२. सरासरी.' पाठवायच्या आधी बोट थांबलं. समोर चंद्रप्रभाबाई पाटल्या हातात चढवत होत्या. सरांनी खाली दुसरी ओळ लिहिली, 'दुरुस्ती व मार्गदर्शन: विहीणबाई.' मग पाठवलं.

टेबलापलीकडं चंद्रप्रभाबाईंचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, काही टाइप केलं. सरांचा फोन वाजला. 'एकक लिहिलेलं नाही. अर्धा मार्क वजा.'

महानंदा इतकी हसली की आटलेल्या आमटीचा वास तिच्या नाकाशी फार उशिरा पोचला. जेवण भाकरी, ठेचा आणि दह्यावर झालं. चारच्या गाडीला सर स्वतः स्टँडवर सोडायला गेले. बाटलीत लातूरचं पाणी भरून दिलं आणि म्हणाले, "नांदेडला दाखवा सगळ्यांना."

पाऊण तास लागणारं घर आता सोळा-सतरा मिनिटांत कोसळू लागलं. सरांनी महिनाभर त्यावर काम केलं. शेवटी चाळीस सेकंदांची फिल्म तयार झाली, आणि एका गुरुवारी सर आणि महानंदा शिरूर अनंतपाळला गेले.

सातवी-आठवीची साठेक पोरं सतरंजीवर बसली होती. ऋतुजानं खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. प्रोजेक्टरवरून भिंतीवर दोन घरं उभी राहिली. जमीन हलली. डावीकडच्या घराचे दगड आधी फुगल्यासारखे झाले, मग भिंत बाहेर कलली आणि माळवद सबंध खाली आलं. उजवीकडचं घर तडकलं, तिरकं झालं, पण उभं राहिलं. पोरांमध्ये कुजबुज झाली. कुणी टाळी वाजवली आणि वाजवावी की नाही हे न कळून थांबलं.

सरांनी पट्टा म्हणजे काय, जड छत वाईट का, कोपरे बांधायचे कसे, हे सगळं सांगितलं. सूत्र कुठून आलं तेही सांगितलं. मग विचारलं, "काही प्रश्न?"

पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. "सर, घरात माणसं कुठंयत?"

सरांनी भिंतीवरच्या घराकडं बघितलं. अठराशे दगड त्यांनी मोजून रचले होते. चौकट होती, उंबरा होता, कोनाडाही होता.

"माणसं नाही घातली," ते म्हणाले.

"का सर?"

"मला जमलं नाही बाळ."

पोरीनं सहानुभूतीनं मान हलवली. "माझ्या दादाला येतं ते सर. तो लातुरात ॲनिमेशन शिकून राहिलाय. माणसं, गुरं, सगळं काढतो तो. सांगू का त्याला?"

मागं खुर्चीवर महानंदा बसली होती. सरांनी तिच्याकडं बघितलं. ती पदरानं चष्मा पुसत होती. त्यांना वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती, आणि माणसं नकोत असं तिनं मानेनंच सांगितलं.

"नको," सर म्हणाले. "हे डावीकडचं घर रिकामंच राहू दे. दादाला म्हणावं, उजवीकडच्या घरात माणसं घाल."

पोरगीला ते पटलं. तिनं लगेच वहीत दादाचा नंबर लिहिला, पान फाडलं आणि पुढं येऊन सरांच्या हातात दिलं.